प्रसूतीसाठी रोख साहाय्य : गरीब मातेच्या पदरात काय पडते?

(अभ्यासलेख)

ताळेबंद, उत्पन्न-खर्चपत्रक आणि विभागवार कामाचा आढावा यांच्या जोडीला एखाद्या विषयावर अभ्यासलेख देण्याचा आपल्या वार्षिक अहवालाचा प्रघात आहे. यंदाचा विषय आमच्या प्रसूतिकक्षाच्या दाराशी रोज उभा असतो. बाळंतपणासाठी गरीब स्त्रीने रुग्णालयात यावे म्हणून शासन तिला रोख रक्कम देते. ही रक्कम तिला खरोखर मिळते का, केव्हा मिळते, आणि ती मिळाल्याने तिचा जीव अधिक सुरक्षित होतो का, हे प्रश्न विश्वस्त मंडळाच्या सभेत वारंवार निघतात. देणगीदारही विचारतात, “शासन पैसे देत असताना आमच्या देणगीची गरज काय?” या प्रश्नाचे उत्तर मोघम शब्दांत देणे बरोबर नव्हे. म्हणून हा लेख.

आरंभीच एक गोष्ट नमूद करतो. आम्ही वैद्यकीय शाखेचे नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या वहीतून रुग्णालयाच्या प्रशासनात आलो. त्यामुळे या विषयाकडे आम्ही जमाखर्चाच्या बाजूने पाहणार. मात्र वहीतील एखादा आकडा उशिरा पडला तर माणसाचे काय होते, हे आम्ही याच रुग्णालयात शिकलो. तेही पुढे यथास्थित सांगू.

मजुरी की प्रोत्साहन?

बाळंतपणात स्त्रीला पैसे द्यावेत ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतील स्त्री कामगारांना प्रसूतीच्या काळात साहाय्य देणारे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. १९२९ साली त्याचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली प्रसूती लाभाचा केंद्रीय कायदा आला आणि २०१७ सालच्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांपर्यंत वाढली. या सर्वांमागचे तत्त्व सरळ होते. बाळंतपणामुळे स्त्रीची मजुरी बुडते, ती भरून मिळणे हा तिचा हक्क आहे.

परंतु हे तत्त्व हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रियांपुरतेच राहिले. शेतमजूर, वीटभट्टीवरील कामगार, ऊसतोड करणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, यांना ना हजेरीपट ना रजा. त्यांच्यासाठी १९९५ साली राष्ट्रीय प्रसूती लाभ योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील गर्भवतीला आरंभी रु. ३००/- आणि पुढे रु. ५००/- देण्याची तीत तरतूद होती. हे पैसे प्रसूतीच्या आधी, तिच्या खाण्यापिण्यासाठी द्यावयाचे होते. प्रसूती कोठे व्हावी याविषयी अट नव्हती.

१२ एप्रिल २००५ रोजी या योजनेच्या जागी जननी सुरक्षा योजना आली आणि पैशाचा हेतू बदलला. आता मुख्य रक्कम रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या स्त्रीसाठी होती. पूर्वी जे पोषणासाठी साहाय्य होते, ते आता रुग्णालयात येण्याबद्दलचे प्रोत्साहन झाले. घरी प्रसूत होणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील स्त्रीचे रु. ५००/- कायम राहिले खरे, आणि ते तिला मिळालेच पाहिजेत असे २००७ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले. तरी योजनेचा भर कोठे होता याविषयी शंका उरली नाही.

हा भर अनाठायी नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीनुसार २००५-०६ च्या सुमारास देशात शंभरांतील जेमतेम ३९ प्रसूती रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात होत होत्या. नमुना नोंदणी पद्धतीच्या अंदाजानुसार २००४-०६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ मातांचा मृत्यू होत होता. रक्तस्राव सुरू झाला, झटके आले किंवा मूल अडले, तर घरात त्यावर उपाय नसतो. सुईण कितीही अनुभवी असली तरी तिच्याकडे रक्ताची पिशवी नसते.

योजनेची रचना

जननी सुरक्षा योजनेत राज्यांची दोन गटांत विभागणी आहे. रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण कमी असलेल्या उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा, आसाम आदी राज्यांत शासकीय संस्थेत प्रसूत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला लाभ मिळतो. ग्रामीण भागात तो रु. १,४००/- आणि शहरी भागात रु. १,०००/- आहे. महाराष्ट्र दुसऱ्या गटात मोडतो. आपल्याकडे दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जातीच्या व अनुसूचित जमातीच्या स्त्रियांनाच लाभ आहे, आणि तो ग्रामीण भागात रु. ७००/- व शहरी भागात रु. ६००/- इतका आहे. गर्भवतीची नोंदणी करून तिला रुग्णालयापर्यंत आणणाऱ्या आशा कार्यकर्तीला वेगळे मानधन मिळते. शासनाने मान्यता दिलेल्या खासगी व धर्मादाय रुग्णालयांत प्रसूती झाली तरी या पात्र गटांतील स्त्रियांना रक्कम मिळू शकते. आपले रुग्णालय अशा मान्यताप्राप्त संस्थांपैकी आहे.

महाराष्ट्रासारख्या राज्यांत आरंभी आणखी दोन अटी होत्या. मातेचे वय किमान १९ वर्षे असावे, आणि लाभ पहिल्या दोन जिवंत अपत्यांपुरताच असावा. लहान कुटुंबाचा हेतू त्यामागे असेल. पण अल्पवयीन माता आणि वारंवार बाळंतपण झालेली माता यांनाच प्रसूतीत धोका अधिक असतो. म्हणजे जिला रुग्णालयाची सर्वांत अधिक गरज, तिलाच योजनेने वगळले होते. मे २०१३ मध्ये या अटी काढण्यात आल्या. तोपर्यंत आठ वर्षे गेली होती.

१ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. त्यान्वये शासकीय संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, रुग्णालयातील आहार आणि येण्याजाण्याचे वाहन मोफत झाले. प्रधानमंत्री मातृवंदना योजना जानेवारी २०१७ पासून लागू झाली. तीत पहिल्या जिवंत अपत्यासाठी रु. ५,०००/- हप्त्यांनी मातेच्या खात्यात जमा होतात, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास रु. ६,०००/- मिळतात. येथे एक बाब लक्षात घ्यावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने, शासकीय नोकरीत असलेल्या व अन्य कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया वगळता, प्रत्येक गर्भवतीला किमान रु. ६,०००/- चा हक्क दिला आहे. प्रत्यक्ष योजनेने तो पहिल्या, आणि काही अंशी दुसऱ्या अपत्यापुरता मर्यादित केला. तिसऱ्या खेपेची माता पुन्हा बाहेर राहिली.

आकडे काय सांगतात?

रोख साहाय्याने स्त्रिया रुग्णालयात आल्या, यात शंका नाही. २००५-०६ मध्ये योजनेचे लाभार्थी सुमारे सात लाख होते. पाच वर्षांत ही संख्या वर्षाला एक कोटीच्या पुढे गेली. रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाले. महाराष्ट्रात हेच प्रमाण ६४.६ वरून ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. इतक्या अल्प काळात इतका मोठा बदल आरोग्यक्षेत्रात क्वचितच दिसतो. आशा कार्यकर्तींचे पायपिटीचे श्रम आणि मोफत वाहन यांचाही त्यात वाटा आहे.

पण पुढचा प्रश्न अवघड आहे. प्रसूती रुग्णालयात झाल्याने मृत्यू तेवढ्या प्रमाणात कमी झाले काय? ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली या योजनेचे एक मूल्यमापन प्रसिद्ध झाले. लाभ घेणाऱ्या मातांच्या बाळांमध्ये मृत्यू काहीसे कमी आढळले. मात्र सर्वांत गरीब व कमी शिकलेल्या स्त्रियांपर्यंत योजना नेहमीच आधी पोहोचत नाही, असेही त्यात दिसून आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात नऊ राज्ये पाहिली होती. तेथे पाच वर्षांत रुग्णालयातील प्रसूती सरासरी २० टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेल्या, परंतु ही वाढ आणि मातामृत्यूंचे प्रमाण यांच्यात ठोस संबंध आढळला नाही.

याचा अर्थ योजना निष्फळ ठरली असा काढू नये. देशातील मातामृत्यूंचे प्रमाण २०१८-२० मध्ये ९७ पर्यंत उतरले आणि महाराष्ट्रात ते ३३ झाले. पण ही घट निव्वळ दारातून आत आलेल्या स्त्रियांच्या संख्येने होत नाही. आत परिचारिका आहे का, भूलतज्ज्ञ आहे का, रक्त आहे का, यावर ती ठरते. पैसा स्त्रीला रुग्णालयाच्या दारापर्यंत आणतो. दारापलीकडची जबाबदारी रुग्णालयाची असते, आणि ती पार पाडली नाही तर दिलेला पैसा वाया जातो.

आणखी एक आकडा आम्हाला अस्वस्थ करतो. २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्या, पण गरोदरपणात किमान चार वेळा तपासणी झालेल्या माता ५८.१ टक्केच होत्या. त्याच सर्वेक्षणात ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. अंगात रक्त कमी असलेली स्त्री प्रसूतीतील रक्तस्राव सोसू शकत नाही. नऊ महिने दुर्लक्षित राहिलेली स्त्री शेवटच्या दिवशी रुग्णालयात आणली, तर डॉक्टरांच्या हाती फारच थोडा वेळ उरतो.

एका बाळंतपणाचा जमाखर्च

आता हिशेबाकडे वळू. शासकीय संस्थेत प्रसूती मोफत असूनही कुटुंबाला पदरचा खर्च करावा लागतो. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार शासकीय संस्थेतील एका प्रसूतीमागे हा खर्च देशात सरासरी रु. २,९१६/- होता. त्याच्यासमोर महाराष्ट्रातील ग्रामीण मातेचे रु. ७००/- मांडले, तर ते एक चतुर्थांशाहून कमी भरतात. योजनेच्या आरंभीच्या वर्षांत ठरलेली ही रक्कम पुढे महागाईच्या प्रमाणात वाढली नाही.

शिवाय या खर्चात बुडालेली मजुरी धरलेली नाही. एक स्त्री प्रसूतीसाठी दाखल होते तेव्हा तिच्या घरातील किमान तीन माणसांचे काम थांबते. ती स्वतः, सोबत राहणारी आई किंवा सासू, आणि डबा व औषधे यांसाठी धावपळ करणारा नवरा. घरी थोरली मुले असतील तर त्यांना सांभाळायला आणखी कोणी लागते. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली गरीब गर्भवतींना जी रक्कम दिली जाते, तिला ‘बुडीत मजुरी’ असे नाव आहे. हे नाव आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते. ज्या स्त्रीची मजुरी बुडते तिला ती भरून देणे म्हणजे तिला आमिष दाखवणे नव्हे.

शेजारच्या नेपाळने या बाबतीत एक साधी गोष्ट केली. २००५ साली तेथे सुरू झालेल्या प्रसूती साहाय्य योजनेत रक्कम भूप्रदेशानुसार ठरली. तराईत ५०० नेपाळी रुपये, डोंगराळ भागात १,००० आणि उंच पर्वतीय भागात १,५००. रुग्णालय जितके दूर, तितका वाहनाचा खर्च अधिक, हे सूत्र त्यामागे होते. आपल्याकडे मात्र तालुक्याच्या गावालगत राहणारी स्त्री आणि सातपुड्यातील पाड्यावरून येणारी स्त्री यांना या योजनेत एकच रक्कम आहे.

रकमेइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. वाहनाचे भाडे वेदना सुरू झाल्यावर लगेच द्यावे लागते, साहाय्य मात्र प्रसूतीनंतर मिळते. पूर्वी धनादेश मिळत असे. जिचे बँकेत खातेच नाही, तिला तो वटवताना आणखी एक दोन मजुऱ्या बुडवाव्या लागत. २०१३ पासून रक्कम थेट खात्यात जमा करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आली. मधल्या हातांची गळती त्यामुळे थांबली, हे मान्य केले पाहिजे. पण खात्याशी आधार जोडलेले नसणे, माहेरच्या नावाने कागद आणि सासरच्या नावाने पासबुक असणे, अशी नवी कारणे पुढे आली. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. नोंदणी सासरच्या गावच्या उपकेंद्रात आणि प्रसूती माहेरच्या तालुक्यात, अशा कितीतरी मातांचे कागद आमच्या कार्यालयात अडून राहिलेले आम्ही पाहिले आहेत.

सारांश, हे साहाय्य परतफेडीच्या स्वरूपाचे आहे. हाती पैसा असणारे कुटुंब आधी खर्च करून नंतर तो वसूल करते. हाती काही नसणारे कुटुंब सावकाराकडे किंवा मुकादमाकडे जाते, आणि त्या दरम्यान वेळ जातो. बाळंतपणातील उशिराचे तीन टप्पे वैद्यकशास्त्रात सांगितले जातात. घरातून निघण्याचा निर्णय घेण्यातील उशीर, रुग्णालयात पोहोचण्यातील उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील उशीर. पहिले दोन आपण परिस्थितीच्या माथी मारू शकतो. तिसरा आमच्या छताखाली होतो.

गळीत हंगामातील एक रात्र

हे आम्हाला पुस्तकातून कळलेले नाही. २०१३ सालच्या अटी निघण्यापूर्वीच्या एका गळीत हंगामातील ही घटना आहे. अहवालात ती लिहावी की नाही याचा आम्ही बराच विचार केला. विश्वस्तांनी अनुमती दिली, म्हणून लिहीत आहोत.

मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळीतील एक स्त्री रात्री अकराच्या सुमारास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आपल्या रुग्णालयात आली. तिचे हे तिसरे बाळंतपण होते. सोबत नवरा आणि टोळीतील एक वयस्क बाई. ड्यूटीवरील डॉक्टरांनी तपासले. मूल आडवे होते, शस्त्रक्रिया अपरिहार्य होती आणि तिच्या अंगात रक्त फार कमी होते. त्या वेळी आपल्या रुग्णालयाचा नियम असा होता की शस्त्रक्रियेची अनामत रक्कम भरून पावती झाल्यावर गावातून भूलतज्ज्ञांना बोलवायचे. रक्तपेढीतून पिशवी आणण्यासाठीही रोख रक्कम लागत असे.

रात्रपाळीच्या लेखनिकाने नियमाप्रमाणे रक्कम सांगितली. नवऱ्याजवळ तेवढे पैसे नव्हते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, हंगामाआधीच उचल घेतलेली असते, आणि एखाद्या दिवशी काम चुकले तर खाडा म्हणून रक्कम कापली जाते. तो मुकादमाच्या खोपीवर गेला, झोपलेल्या मुकादमाला उठवले आणि आणखी उचल घेऊन परत आला. यात जवळजवळ दोन तास गेले. मग पावती झाली, भूलतज्ज्ञ आले, रक्त आले, शस्त्रक्रिया झाली. माता वाचली. मूल वाचले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही केसपेपर पाहिला. सर्व नोंदी नियमानुसार पूर्ण होत्या. लेखनिकाने कोणतीही कसूर केली नव्हती. ते परिपत्रक आमच्याच सहीचे होते. आपल्या रुग्णालयाची थकबाकी वाढू नये म्हणून आम्हीच ते काढले होते, आणि त्या वर्षीच्या ताळेबंदात त्याचा परिणाम चांगला दिसलाही होता.

पुढे तिला जननी सुरक्षा योजनेचा लाभ मिळावा म्हणून आम्ही कागद पाहिले. तिसरे अपत्य असल्याने ती पात्र नव्हती. तिचे नोंदणीचे कार्डही गावी राहिले होते. पाचव्या दिवशी, टाके काढण्यापूर्वीच, ती जायला निघाली. डॉक्टरांनी थांबायला सांगितले तेव्हा सोबतच्या बाई म्हणाल्या, “साहेब, खाडा पडतोय. आता किती दिवस बसायचं?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मूल वेळेत हाती लागले असते का, हे डॉक्टरही निश्चित सांगू शकले नाहीत. पण ते दोन तास आमच्या नियमाने गेले, एवढे निश्चित आहे.

रुग्णालयाने केलेले बदल

त्यानंतर विश्वस्त मंडळाने आमच्या प्रस्तावावरून काही निर्णय घेतले. ते आज रुळले आहेत.

पहिला निर्णय क्रमाचा. प्रसूतीच्या रुग्णासाठी आधी डॉक्टर व भूलतज्ज्ञांना बोलावणे, पावतीचे काम मागाहून. प्रसूतिकक्षात अनामत रक्कम मागितली जात नाही.

दुसरा निर्णय तातडीच्या रोख निधीचा. प्रसूतिकक्षाच्या प्रमुख परिचारिकेकडे एक ठरावीक रक्कम कुलूपबंद पेटीत असते. रक्ताची पिशवी, बाहेरून आणायचे औषध, रात्रीचे वाहन, सोबतच्या बाईचे जेवण यांसाठी ती कोणाच्याही परवानगीविना खर्च करू शकते. खर्चाची नोंद दुसऱ्या दिवशी होते आणि खर्च झालेली रक्कम पेटीत पुन्हा भरली जाते. मूळ पावती नसलेल्या वाहनभाड्याबद्दल लेखापरीक्षकांनी आरंभी आक्षेप घेतला होता. वाहनचालकाची सही व वाहनाचा क्रमांक घेण्याची पद्धत ठरल्यावर तो मिटला.

तिसरा निर्णय कागदपत्रांचा. माता दाखल असतानाच आमचा एक कर्मचारी तिच्या खाटेजवळ जाऊन नोंदणी कार्ड, आधार, पासबुक आणि रेशनकार्ड तपासतो, नावांतील तफावत पाहतो, आणि गावच्या आशा कार्यकर्तीशी फोनवर बोलतो. खाते नसेल तर ते उघडण्यासाठी लागणारी कागदपत्रे समजावून देतो. घरी गेल्यावर या कामासाठी तिला पुन्हा मजुरी बुडवावी लागू नये, हा हेतू.

चौथा निर्णय मुक्कामाचा. प्रसूतीनंतर मातेने किमान ४८ तास रुग्णालयात राहावे, कारण प्राणघातक रक्तस्रावाचा धोका पहिल्या दिवसांत सर्वाधिक असतो. पण नुसते “थांबा” म्हणून कोणी थांबत नाही. म्हणून माता व सोबतची एक बाई यांना दोन्ही वेळचे जेवण संस्थेतर्फे दिले जाते. जेवणाची सोय झाल्यापासून घरी जाण्याची घाई कमी झाल्याचे परिचारिका सांगतात.

देणगीदारांच्या माहितीसाठी हिशेबाची एक बाब स्पष्ट करतो. शासनाकडून मातेला मिळणारे साहाय्य हे मातेचे आहे. ते संस्थेचे उत्पन्न नव्हे, आणि तिच्या बिलात ते वळते करून घेतले जात नाही. निर्धन मातांच्या उपचारांचा खर्च धर्मादाय रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे निर्धन रुग्ण निधीतून होतो. या निधीत एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम जमा केली जाते. परंतु वाहन, सोबतीचे जेवण, गरोदरपणात तपासणीला येण्याचे भाडे हा उपचारांबाहेरचा खर्च आहे. तो आपल्या देणगीतून होतो.

निवेदन

“शासन पैसे देत असताना आमच्या देणगीची गरज काय?” या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. शासनाचा पैसा नंतर येतो, आपला पैसा त्या रात्री पेटीत असतो. शासनाचा पैसा नियमात बसणाऱ्या मातेला मिळतो, आपला पैसा नियमाबाहेर राहिलेल्या मातेला मिळू शकतो. दोन्ही आवश्यक आहेत, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. शासनाची योजना ही हक्काची बाब आहे. ती आपल्या देणगीमुळे सैल पडू नये, म्हणूनच मातेचे कागद पूर्ण करण्याचे काम आम्ही तितक्याच आग्रहाने करतो.

आगामी वर्षी गरोदरपणातील तपासण्यांवर भर देण्याचा मानस आहे. ज्या दिवशी तपासणीला यायचे त्या दिवशीची मजुरी बुडते, हेच न येण्याचे मोठे कारण आहे. त्यासाठी वस्त्यांवर व ऊसतोड टोळ्यांच्या मुक्कामी सायंकाळी, काम सुटल्यानंतर तपासणी घेण्याची योजना विश्वस्त मंडळासमोर ठेवली आहे. तातडीच्या निधीसाठी तसेच या सायंकालीन तपासणीसाठी दिलेल्या देणग्यांचा हिशेब अहवालात स्वतंत्रपणे दाखवला जाईल.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे. गर्भवतीचे नाव पहिल्या तीन महिन्यांतच आशा कार्यकर्तीकडे किंवा उपकेंद्रात नोंदवा. तिच्याच नावाने खाते असू द्या. नोंदणीचे कार्ड ती जेथे जाईल तेथे तिच्याजवळ असावे, मग ते माहेर असो वा तोडणीचे गाव. आणि पैसे जमले नाहीत म्हणून घरी थांबू नका. आधी रुग्णालयात या, पैशाचे नंतर पाहता येईल. हे वाक्य आज आम्ही निःशंकपणे लिहू शकतो, यामागे आपल्या देणगीदारांचे औदार्य आहे. त्याबद्दल विश्वस्त मंडळाच्या व सर्व कर्मचाऱ्यांच्या वतीने आम्ही मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करतो.

त्या ऊसतोड स्त्रीचा पत्ता आमच्या नोंदवहीत केवळ ‘टोळी मुक्काम’ एवढाच आहे. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. तिच्या केसपेपरची एक प्रत, नाव झाकून, आम्ही लेखा विभागातील आमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. नवे परिपत्रक काढण्यापूर्वी ती एकदा वाचावी, असा आमचा परिपाठ आहे.

— प्रशासकीय अधिकारी